नंदीबैल आणि दिनकररावांची दाढी

दाढी केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हा दिनकररावांचा नियम. चेन्नईच्या रणगाडा कारखान्यात त्यांनी जन्मभर लोखंड कातायचा लेथ चालवला. बस चुकली तर चालेल, पण गालावर खुंट घेऊन ते कामावर गेले नाहीत. निवृत्तीनंतर शहराबाहेरच्या तांबरमला आले, तरी नियम काही निवृत्त झाला नाही.

मग अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. डॉक्टरांनी बजावलं, रोज बाहेर चाला, नाहीतर पाय आखडतील. चालायला काठी होती, धरायला बायको चारुलता होती. आडवी आली ती दाढी. न्हाव्याला घरी बोलवू म्हटलं तर म्हणाले, "परक्या हातानं एकदाच करून घेतली, लग्नाच्या दिवशी. पुरे झालं."

शेवटी चारुलतेनंच त्यांचा जुना, जड रेझर उचलला. एकच पातं, डोकं पक्कं बसवलेलं. कोन साधला तर लोणी, चुकला तर रक्त. तो कोन त्यांच्या मनगटाला ठाऊक होता, तिच्या नव्हता. दुसऱ्यांदा रक्त आलं तेव्हा त्यांनी मान फिरवली आणि खिडकीपाशी जाऊन बसले ते बसलेच. धडधाकट माणूस डोळ्यांदेखत खचतोय, हे तिला बघवेना.

श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या लेकीनं, देविकानं, नवा रेझर आणला. एकावर एक बारीक पाती, आणि गालाच्या वळणाप्रमाणे हलणारं डोकं.

"हा रेझर की नंदीबैल?" दिनकरराव म्हणाले. पण समोर बसले.

चारुलतेनं आधी वाढलेले केस कात्रीनं कापले, फेस लावला आणि सवयीनं जोर दिला. गाल लाल झाला.

"दाबू नकोस, चारू. कढई घासत नाहीस. धार तिची ती कापते."

तिनं जोर काढून घेतला. गाल बरा उतरला, पण गळ्याशी येताच हात जो थबकला तो हलेना. ती रडकुंडीला आली.

"अहो, माझ्यानं नाही व्हायचं. विळीवर मी रोज ढीगभर चिरते, पण तिथं पातं हलत नाही, भाजी हलते." मग ती थांबली. "असं करू या का? मी नुसता धरते. मान तुम्ही फिरवा."

दिनकरराव बघतच राहिले. लेथवर तरी दुसरं काय? हत्यार जागेवर, फिरतो तो जॉब, म्हणजे कातायचा तुकडा. ज्यात हाडं झिजवली ते बायकोनं विळीवरून शिकवावं, याचा राग मानावा की हसावं, त्यांना कळेना.

त्यांनी डाव्या हातानं गळ्याची कातडी ताणली आणि हनुवटी हळूच वर नेली. नंदीबैलानं मान डोलावली, पाती जबड्याखाली सपाट टेकली. खसखस आवाज आला. रक्त नाही.

"थांब. धू. आता जरा खाली धर."

किती दिवसांनी हुकूम सोडत होते. चारुलतेला इतका आनंद झाला की पुढचे चार हुकूम तिनं मुकाट्यानं पाळले.

तासाभरानं काठी टेकत ते दाराबाहेर पडले. समोरचे गुरुमूर्ती चपला घालत होते. त्यांनी दिनकररावांच्या गालाकडे निरखून पाहिलं आणि तमिळमध्ये विचारलं, न्हावी कुठला गाठलात?

"नानेदान," दिनकरराव ताठ होत म्हणाले. मीच केली.

त्यांचा दंड धरून उभ्या असलेल्या चारुलतेनं मान डोलावली. त्यात खोटं काहीच नव्हतं.