दुधातली पुडी

माझी बायको माणिकपूरच्या एका हॉस्पिटलात सिस्टर इन्चार्ज आहे. पेशंटच्या उशीखाली दडवलेली चूर्णं आणि शक्तीचे डबे हुडकून काढण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही. नातेवाइकांना ती अशी झापते की माणसं पुन्हा वॉर्डात यायला बिचकतात. घरी मात्र, फुलपाड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये, मसाल्याच्या डब्याशेजारी तिने स्वतःचंच दुकान मांडलेलं. कॅल्शियम, झिंक, माशाच्या तेलाच्या कॅप्सुली, सगळी औषध कंपन्यांच्या माणसांनी दिलेली सॅम्पल्स. त्यांच्या स्टाफरूममध्ये ती शेंगदाण्यासारखी वाटली जातात. मी एकदा हटकलं, तर म्हणाली, सर्दीची गोळी दुकानदाराला विचारून घेणाऱ्याने मला शिकवू नये.

त्या दुकानातच विटामिन डीच्या पुड्या होत्या. सांधे दुखायचे म्हणून डॉक्टरांनी आठवड्याला एक, तीही दोनच महिने घ्यायला सांगितली होती. दुखणं हटेना, तेव्हा हिने ती परस्पर रोज सुरू केली. ड्युटीवरून आली की दूध मी गरम करायचो, पुडी ती ओतायची, रिकामं पाकीट कचऱ्यात मी टाकायचो. असं कित्येक महिने चाललं.

दिवाळीनंतर तिला सारखी तहान लागू लागली. मग उलट्या. पित्त असेल म्हणून ती तशीच कामावर जात राहिली. नंदाखालला तिच्या माहेरी गेलो, तर वाडीत केळीखाली बसली आणि तिला उठवेना. एका सुट्टीच्या सकाळी ती युनिफॉर्म घालून दारात उभी राहिली आणि मला विचारू लागली की आपण कुठे निघालो आहोत. तेव्हा मी घाबरलो. रिक्षा केली आणि तिला तिच्याच हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टर तरुण होता, तिच्या हाताखाली सलाईन लावायला शिकलेला. त्याने अदबीने विचारलं की काही गोळ्या वगैरे चालू आहेत का. ही म्हणाली, काही नाही. त्याने पुन्हा विचारलंच नाही. सिस्टरपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? रक्त तपासलं, तर किडनीचा आकडा वाढलेला. मला बाजूला घेऊन तो म्हणाला की डोक्यातही काही असू शकतं, मुंबईला हलवावं लागेल.

आम्ही खाटेपाशी परत आलो आणि मला ती रोजची पुडी आठवली. तिच्याच दोन ज्युनिअर नर्स तिथे उभ्या होत्या. त्यांच्यासमोर बोललो तर तिची वॉर्डातली सगळी जरब संपली, हे मला कळत होतं. तिलाही कळत होतं. एवढ्या गुंगीतही तिने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. रागही आला मला, तिचा आणि तिच्या त्या तोऱ्याचा.

"डॉक्टर," मी म्हणालो, "ही विटामिन डीची पुडी रोज घेते. आठवड्याची पुडी. रोज."

"ते औषध नाहीये," ती पुटपुटली.

डॉक्टरने ताबडतोब कॅल्शियम तपासायला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. डीच्या अतिरेकाने कॅल्शियम भलतंच चढलेलं निघालं; तहान, उलट्या, भ्रम, किडनी, सगळं त्यानेच. मुंबईला जाणं टळलं, सलाईन जोरात सुरू झालं. किडन्या सावरतील, पण वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाला. मी जिन्यात जाऊन रडलो.

ती माझ्याशी बोलेना. पाणी दिलं तर घ्यायची, इतकंच. तिसऱ्या दिवशी ड्युटी बदलली आणि एक नवी नर्स फाइल घेऊन आली. समोरची पेशंट म्हणजे इथलीच सिस्टर, हे तिला माहीत नव्हतं. सगळ्यांना विचारतात तसं तिने विचारलं, "मावशी, घरी काही औषधं चालू होती का?"

बायकोचं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"ह्यांना विचारा," ती म्हणाली.