पाउलीनाच्या जेवणाचा शार्क

पहाट. निश्चल समुद्र, वाळूवर ओढलेली एक अरुंद होडी, मागे माडांची रांग. उजेड हळूहळू चढतो आणि प्रवेश होतो अलोइसचा. आमच्या न्यू आयर्लंड बेटावर शार्कला हाक मारून बोलावणारे जे थोडे उरलेत, त्यांतला हा एक. चेहऱ्यावर काही नाही. माझं आयुष्य नाचाच्या फडात गेलं, पण इतका कोरा चेहरा मी मुखवट्याचाही पाहिला नाही.

हाक मारायला जायचं तर आधी बायकोपासून दूर, पुरुषांच्या घरात झोपायचं, डुकराचं मांस वर्ज्य. नाहीतर शार्क येत नाही. मागच्या खेपेला तो असाच तिथे होता आणि इकडे त्याच्या बायकोला, पाउलीनाला, ताप चढला. निरोप गेला. उद्या शार्क घेऊनच येतो, म्हणाला. घेऊन आला, तेव्हा ती गेली होती.

आता तिच्या नावाचं गावजेवण होतं. हाक मारणाऱ्याच्या बायकोच्या जेवणात शार्क नसला तर तिच्या कुळाचा तो अपमान. मेव्हणी रुफीना सगळ्यांदेखत म्हणाली, "भावोजी, ती जाताना हात धरायला आला नाहीत. आता निदान मासा तरी आणा."

तो बरं म्हणाला आणि पुन्हा पुरुषांच्या घरात जाऊन झोपला. त्याच्या म्हाताऱ्या दोस्ताने, इरीमाने, चिमटा काढला, "या वेळी सोपं आहे गड्या. दूर राहायला बायकोच नाही." कोणी हसलं नाही. अलोइसने सुपारीसाठी हात पुढे केला.

त्या पहाटे सगळा गाव किनाऱ्यावर उभा होता. त्याने होडी थोडी आत नेऊन करवंट्यांचा खुळखुळा पाण्यात हलवला. बराच वेळ काहीच नाही. मग पाण्यावर शार्कचा पर दिसला. आमच्याकडे शार्कशी पाहुण्यासारखं बोलतात: ये, घरी चल, सगळे वाट बघताहेत. मग तो होडीला लागतो आणि फासात डोकं घालतो. हा तर तसं काही न ऐकताच होडीला घासून फिरत राहिला. अलोइसने फास मांडीवर ठेवला आणि नुसता बघत बसला. शेवटी शार्क निघून गेला.

होडी परतली तशी रुफीना गुडघाभर पाण्यात शिरली. "इतका जवळ आला होता, भावोजी. फास का नाही टाकला?"

त्याने वल्हं आत घेऊन नीट आडवं ठेवलं.

"'घरी चल' हे तोंडातून निघेना. तुम्ही डुक्कर कापा."