चकचकीत धातू दिसेपर्यंत

मामाच्या काळी-पिवळीचा ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मिणमिणायचा. डावा इंडिकेटर दिला की मागचे सगळे लाल दिवे जत्रेतल्या पाळण्यासारखे लुकलुकायचे. आणि उजवा दिला तर काहीच व्हायचं नाही, फक्त नंबरप्लेटवरचा बल्ब लाजल्यासारखा मंद व्हायचा. वैजापूर ते औरंगाबाद या रस्त्यावर मागून येणारे एसटीचे ड्रायव्हर खिडकीतून अर्धे बाहेर येऊन ओरडायचे, "वळायचं तर वळ ना बाबा एकदाचं!" मामा आतून हात जोडायचा. त्याला वळायचंच नसायचं.

मी ही गोष्ट सांगते तेव्हा लोक इथपर्यंत पोट धरून हसतात. मीही हसते. पण त्या वर्षी आरटीओत गाडीचं पासिंग होतं. मागचे दिवे धड लागल्याशिवाय पासिंग होणार नव्हतं, आणि पासिंग झालं नाही तर परमिट जाणार होतं. जुन्या गाड्यांना नवं परमिट कुणी देत नव्हतं. मामाने आजोबांच्या वेळची मेंढरं विकून ही गाडी घेतली होती. मेंढरं गेली, आता गाडी गेली तर पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला एकच दार उघडं होतं, वाळूजच्या कुठल्यातरी कंपनीचं. तेही आतलं नाही. दारावर वॉचमन म्हणून उभं राहायचं.

"मी आन वॉचमन?" मामा म्हणायचा. "मला एका जागी बसवलं तर मी मरंन."

"नाय मरत," मामी म्हणायची. "जेवायला बसता तवा दोन तास हालत नाय तुम्ही."

मी तेव्हा औरंगाबादला पुंडलिकनगरात राहायची आणि एका शाळेत इंग्रजी शिकवायची. औरंगपुऱ्यातल्या एका रद्दीच्या दुकानात मला त्याच गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल दिसलं. जाडजूड, ऑइलनं पारदर्शक झालेली पानं, कोण्या बंद पडलेल्या गॅरेजमधून आलेलं. नंतर कळलं की मॉडेलसुद्धा अगदी तेच. मी ते असं छातीशी धरून आणलं की बसमधल्या एका म्हातारबांनी मला उठून जागा दिली. त्यांना बहुधा ग्रंथ वाटला असावा.

मामालाही तसंच वाटलं. रविवारी तो मामीसकट वैजापूरहून गाडी घेऊन आला आणि आमच्या घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर उभी केली. मी विजेचं प्रकरण शोधू लागले तर त्यानं पुस्तकावर हात ठेवला.

"मधूनच उघडायलीस व्हय? सुरुवातीपासून वाच."

"अरे मामा, सुरुवातीला ऑइल कसं बदलायचं ते आहे."

"पोथी मधून वाचत नसतेत, बाई."

म्हणून मी सुरुवातीपासून वाचलं. खोटं कशाला सांगू, मला त्यात मजाच यायला लागली. एक वाक्य इंग्रजीत खणखणीत, मग त्याचा मराठीत अर्थ, मध्ये एखादा दाखला. मामा मांडी घालून माना डोलवायचा. क्लचचं प्रकरण संपलं तेव्हा मामीनं आतून विचारलं, "अध्याय झाला का? चहा टाकते." ब्रेक, गिअर, स्प्रिंगा, सगळं झालं. विजेचं प्रकरण सगळ्यात शेवटी होतं. आम्ही तिथं पोचेपर्यंत बरेच रविवार गेले आणि पासिंगची तारीख अगदी तोंडावर आली.

शेवटच्या पानाला घडी घातलेला वायरिंगचा नकाशा होता. तो बॉनेटवर पसरून आम्ही चार कोपऱ्यांवर नट आवळायचे चार पाने ठेवले. काय देखणा नकाशा होता तो! प्रत्येक वायरीला रंग, प्रत्येक रंगाला अर्थ. मामा गाडीखाली शिरला आणि मी वरून पुकारा सुरू केला.

"मागच्या दिव्यापाशी काळी वायर शोध. काळी म्हणजे अर्थिंगची."

"पिवळी हाय."

"बरं, इंडिकेटरची हिरवी?"

"पिवळी."

"ब्रेकची तरी?"

"बाई, हितं समदं पिवळंच हाय. हळद लागलीय गाडीला."

मागचं सगळं वायरिंग ज्या चचांनी केलं होतं त्यांना बोलावणं धाडलं. चचा सायकलवरून आले. मी नकाशा दाखवला. त्यांनी तो लग्नाच्या पत्रिकेसारखा लांब धरून बघितला.

"चचा, सगळ्या वायरी पिवळ्या कशा?"

"उस दिन दुकान में पीला बंडल था, बाजी. करंट को रंग थोड़ी दिखता!"

"मग आता कोणती कुठं जाते ते कसं कळणार?"

"मैं हूँ ना." त्यांनी एक वायर ओढली, तर हॉर्न वाजला. त्यांनी ती परत सोडली आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की बॅटरी बदला. मी म्हणाले, पुस्तकात तसं लिहिलेलं नाही. चचांनी सायकल वळवली. "किताब से गाड़ी चलती तो लोगां डायवर कायकू रखते?" मामा हसला आणि मी रागावले, म्हणून मामा पुन्हा गंभीर झाला.

पुस्तकात मात्र आमच्या गाडीचं दुखणं जसंच्या तसं छापलेलं होतं. एक दिवा पेटवताना दुसराच पेटत असेल तर आधी अर्थिंग बघा. मी मामाला ते माझ्या पद्धतीनं समजावलं. बॅटरीतून करंट निघतो तो वायरीतून दिव्यापर्यंत जातो. परत यायला मात्र त्याला वायर नसते. तो गाडीच्या पत्र्यातून, लोखंडातून चालत परत येतो. जायचा रस्ता वायरीचा, परतीचा रस्ता पत्र्याचा. परतीचा रस्ता बंद झाला की करंट बिचारा शेजारच्या दिव्याच्या घरातून वाट काढतो. म्हणून ब्रेकनं इंडिकेटर लागतो.

"रस्ता कुणी बंद केला पर?" मामानं विचारलं.

मी त्याच्याकडं बघितलं. मग दोघांनी गाडीकडं बघितलं. गाडी चमकत होती.

इथं मामाचं रंगप्रेम सांगितलं पाहिजे. आमच्या घराण्यात दिवाळीच्या पाडव्याला मेंढरं रंगवायचे. पाठीवर, शिंगांवर रंग, मग ओवाळणी. मेंढरं विकली तरी मामाचा हात थांबला नाही. पाडव्याला तो गाडी रंगवायचा, आणि पासिंगच्या आधी आणखी एकदा. ब्रश घेऊन, उकिडवं बसून, स्वतः. आणि नुसतं बाहेरून नव्हे. बोल्ट, नट, दिव्यामागचा पत्रा, चेसिसच्या खालची बाजू, जिथं म्हणून लोखंड उघडं दिसेल तिथं त्याचा जीव कासावीस व्हायचा. मागच्या दिव्याचं अर्थिंग चेसिसवरच्या ज्या बोल्टला होतं, तो बोल्ट इतक्या थरांखाली गेला होता की तो बोल्ट आहे की गाडीला आलेलं आवाळू आहे, तेच कळत नव्हतं.

"म्हणजे मीच," मामा म्हणाला.

"पुढचं ऐक. पृष्ठभाग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा. बोल्ट आवळा. वरून व्हॅसलीन लावा. रंग लावू नका."

"रंग लावू नका?" त्यानं दोनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा त्यानं पुस्तक स्वतः हातात घेऊन त्या ओळीवर बोट ठेवलं. इंग्रजी त्याला येत नव्हतं. पण आपल्याविषयी काहीतरी लिहिलेलं आहे हे माणसाला कळतं.

तो खरवडायला बसला. पातं फिरलं तशी पिवळी साल निघाली, खाली काळी, खाली पुन्हा पिवळी, मग एक फिकट पिवळी. "हा तू बारावीला होतीस तवाचा," मामा म्हणाला. "हा माय गेली त्या सालचा. त्या साली रंग पातळ झाला होता." मी वर बसून मोठ्यानं दाद देत होते. मग लाल भुकटी पडायला लागली. रंगाच्या खाली लाल प्रायमर असतो हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. म्हणून ती भुकटी बघून आम्ही खूश झालो. मामा म्हणाला, "आलं, आता धातू जवळच हाय." आणि जोर लावून खरवडत राहिला. प्रायमर बराच होता. वाजवीपेक्षा बराच.

शेवटी चमकलं. टिकलीएवढं. मामीनं टाचांना लावायची व्हॅसलीनची डबी आणली, मामानं बोल्ट आवळून ते लावलं, आणि मी पाठीमागं उभी राहून आरोळी ठोकली, "ब्रेक!"

दोन लाल दिवे. "डावा!" फक्त डावा. "उजवा!" फक्त उजवा. नंबरप्लेटचा बल्ब ढिम्म हलला नाही. मी प्लॉटवर नाचले. खरंच नाचले, समोरच्या गच्चीवरच्या बायका साक्षीला आहेत. मामी पदरानं तोंड झाकून हसत होती. मामा ड्रायव्हरच्या सीटवरून खाली उतरेना, उगीच डावा-उजवा करत बसला होता.

पासिंगला मी रजा काढून गेले. पुस्तक बरोबर नेलं. साहेब तरुण होते, घाईत होते. ब्रेक बघितला, इंडिकेटर बघितले, हॉर्न ऐकला. रंग बघून म्हणाले, "गाडी चांगली ठेवलीय, काका." कागदावर सही करायला पेन उघडलं.

तेवढ्यात मामा म्हणाला, "साहेब, एक दावतो. हिकडं या."

मामा माझ्याकडं बघत होता, शाळेत पहिल्या आलेल्या पोरासारखा. "हे बघा, पुस्तकापरमाणं केलंय. चकचकीत धातू दिसंस्तोवर खरवडलंय. रंग लावला नाय." एवढ्या वर्षांत त्याने पहिल्यांदाच लोखंड उघडं ठेवलं होतं, आणि ते कुणीतरी बघावं असं त्याला वाटत होतं.

साहेब वाकले. टिकलीएवढ्या चमकीच्या भोवती बघितलं. मग हातातल्या गाडीच्या किल्लीनं तिथं टोचलं. किल्ली आत गेली. त्यांनी जराही जोर लावला नव्हता. बिस्किटात जावी तशी गेली. थोडं पुढं टोचलं, तिथंही गेली. वरून पिवळाधमक तुळतुळीत रंग आणि आत लाल भुकटी. ज्याला आम्ही प्रायमर म्हणालो होतो, तो चेसिस होता.

"काका, इथं लोखंड उरलेलंच नाहीये," साहेब म्हणाले. चांगल्या आवाजात म्हणाले, तेच वाईट. "मागं माणसं बसवता ना तुम्ही?"

"बसवतो."

"आता नका बसवू."

मामानं मला विचारलं, "त्यात काय लिहिलंय का? असं झालं तर?" मी साहेबांच्या देखत, आरटीओच्या फाटकाजवळ उभी राहून पानं उलटली. लिहिलेलं होतं. गंजलेला चेसिस बदलावा, दुरुस्त करू नये. मी ते इंग्रजीत वाचलं. मराठीत अर्थ सांगायच्या वेळी मला खोकला आला. मामानं अर्थ विचारला नाही.

गाडी भंगारवाल्याला दिली, ती त्यानं ट्रॅक्टरच्या मागं दोर लावून नेली. स्टिअरिंग धरायला कुणीतरी लागतं, म्हणून मामाच बसला. मी आणि मामी रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. चौकात ट्रॅक्टर हळू झाला तसा मामानं ब्रेक दाबला, आणि मागचे दोन्ही दिवे लागले, लालभडक, एकसारखे. मग ट्रॅक्टर डावीकडं वळायच्या आधी मामानं इंडिकेटर दिला. डावाच लागला.

"आता कसं नीट लागायलंय," मामी म्हणाली.

मामा हल्ली वाळूजला एका फाटकावर असतो. शिफ्टच्या बसेस येतात, जातात. मागे गेले होते तेव्हा तो खुर्चीवरून न उठता एका ड्रायव्हरवर ओरडत होता, "ए, तुझा ब्रेक दाबला की इंडिकेटर लागायलाय! अर्थिंग बघ!"

ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं, "बघून काय करू?"

मामा खुर्चीवरून उठला. "रंग लाव," तो म्हणाला, आणि फाटक उघडलं.