पॅरिस ते ब्रसेल्स, लाडू कुरिअरने

मंडळी, आज डोकं फिरलंय.

आई तीन आठवडे पॅरिसला माझ्या मोठ्या भावाकडे आहे. धाकटा ब्रसेल्सला असतो. फास्ट ट्रेनने जेमतेम दीड तास! तरी साहेब एकदाही फिरकले नाहीत.

संध्याकाळी मी इथून, जपानमधल्या इचिकावाहून, त्याला फोन केला. म्हणतो, "ताई, लांब पडतं गं. आईला लाडू कुरिअर करायला सांग ना."

पुण्याहून अख्खा प्रवास मांडीवर लाडवांचा डबा घेऊन गेलीय ती!

मग आईला फोन केला, तर ती त्याचीच बाजू घेते. "दीड तास म्हणजे काय थोडा झाला? तुला योकोहामाला ऑफिसला जायला किती लागतो?"

"दीड तास."

"रोज?"

"रोज."

"बरं, कुरिअरचं बघते," म्हणत तिने फोन ठेवून दिला.

खोटं बोलायला हवं होतं का मी?