कापसावरची झोप

नातवाने आज अंगणात वेचलेला कापूस ओतला. उन्हात तापलेल्या कापसाचा कोमट वास आला आणि मला माझीच साठ वर्षांपूर्वीची लबाडी आठवली.

लग्नानंतरची पहिली दिवाळी जवळ आली होती. वेचणीने बोटं सोलली होती. एके सकाळी मी कपाळाला सुंठीचा लेप फासून अशी विव्हळले, की दावणीचा बैलसुद्धा वळून बघायला लागला. सासूबाई म्हणाल्या, “झोप वं बेटा. तुन्हा वाटाना कापूस मी येची लिसू.”

त्या माझ्या वाट्याचं वेचायला तापीकाठच्या शेतात गेल्या आणि इकडे महाराणी खोलीभर साठवलेल्या कापसात शिरून, गूळ-शेंगदाणे खाऊन, दिवसभर घोरल्या.

संध्याकाळी परतल्यावर सासूबाईंनी माझ्या केसांत अडकलेला कापूस वेचून काढला. मी घाबरले. त्या एवढंच म्हणाल्या, “मालेबी एक दिन असं झोपानं शे.”

चाळिशीच्या असतील. मला तेव्हा त्या म्हाताऱ्या वाटायच्या. म्हाताऱ्यांना कशाला हवी असली झोप, म्हणून मी मनात हसलेसुद्धा. पुढच्या वेचणीला त्या नव्हत्या.

आता मला रोजच सुट्टी. घरातले म्हणतात, “आजी, पडा जरा.” मी पडते. पण ‘उद्या तुम्ही झोपा, मी वेचते,’ एवढं सासूबाईंना म्हणायचं त्या संध्याकाळी मला सुचलं नाही.