वगळायच्या फ्रेम्स

बुधवारी दुपारी माझ्या भावाने चित्रपट पाहिला. सोमवारी तो वारला.

मधल्या दिवसांबद्दल मला कुणी विचारत नाही. लोक आजाराबद्दल विचारतात, आणि आजाराचं सांगणं सोपं असतं. पोटात दुखत होतं, तपासण्या झाल्या, उशीर झाला होता, घरी आणलं. ऐकणाऱ्याचं समाधान होतं. शाळेतल्या बाई म्हणतात, तुम्ही त्यांच्यासाठी किती केलंत. मी मान हलवते.

माथेरानच्या एका हॉटेलात आमचे वडील आचारी होते. सीझनमध्ये आठवड्यातून एकदा अंगणात पांढरा पडदा बांधून पाहुण्यांना चित्रपट दाखवत. पाहुणे पुढे खुर्च्यांवर. कामगारांच्या मुलांनी पडद्याच्या मागे, मातीत बसायचं, असा तिथला रिवाज. मागूनही सगळं दिसायचं, फक्त उलटं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. हॉटेलच्या मालकीचे तीनचार चित्रपट होते आणि त्यातला एक परदेशी, काळापांढरा होता. एक यान पृथ्वीवरून निघतं आणि वाट चुकतं, एवढीच त्याची गोष्ट. संवाद आम्हाला कळत नव्हते. पण मधे मधे नुसतं आकाश यायचं. दादा सांगायचा की त्या वेळी पडदा कुठे संपतो आणि वरचं खरं आकाश कुठून सुरू होतं हे त्याला ओळखू यायचं नाही. मी तेव्हा फार लहान होते. मला त्याचं सांगणंच आठवतं, आकाश आठवत नाही.

पुढे तो खालापूरकडच्या एका कारखान्यात तपासनीस म्हणून लागला. मी कर्जतला शाळेत मराठी शिकवू लागले. हॉटेलचे मालक बदलले आणि अडगळ बाहेर काढली, तेव्हा दादाने त्या चित्रपटाचे डबे मागून घेतले. माथेरानात गाड्या चालत नाहीत, म्हणून दस्तुरी नाक्यापर्यंत डोक्यावरून आणि पुढे मोटारसायकलच्या मागे बांधून ते पळसदरीजवळच्या आमच्या घरी आले. वहिनीने झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, "लोणचं घातलंय काय यात?" जुनी फिल्म सडायला लागली की तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. म्हणजे वेळ थोडा होता.

जुन्या विज्ञानपटांच्या प्रती घरबसल्या दुरुस्त करणाऱ्या हौशी लोकांचा इंटरनेटवर एक गट आहे. दादा त्यात होता. तिथे त्याला कळलं की या चित्रपटाच्या जगभर फिरणाऱ्या प्रतींमधून आकाशाचे बहुतेक शॉट कापलेले आहेत. कुणीतरी कधीतरी लांबी कमी केली होती. आमच्या डब्यांमध्ये ते सगळे होते. त्याने एका जुन्या प्रोजेक्टरची मोटर मंद केली, दिवा बदलला, समोर कॅमेरा लावला आणि एकेका फ्रेमचा फोटो काढायला सुरुवात केली. सेकंदाला चोवीस फ्रेम्स. सुट्टीच्या दिवशी, पाळीवरून आल्यावर, दोन वर्षं. पहिलं रीळ त्याने चक्क उलट्या बाजूने चढवलं होतं आणि आठवडाभर त्याला पत्ता नव्हता, कारण चित्रपट त्याला तसाच माहीत होता. मी चित्रातल्या एका पाटीवरची उलटी अक्षरं दाखवली तेव्हा तो इतका हसला की वहिनी बघायला आली.

फोटो झाले आणि कॉम्प्युटरवर त्यांची साफसफाई सुरू झाली. त्यात मी होते. शाळेतून आल्यावर त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचे. त्याने मला पहिल्या दिवशी शिकवलं ते एवढंच.

"धूळ एका फ्रेमपुरती असते. मागच्या फ्रेममधे नाय, पुढच्यात नाय, म्हंजे धूळ. पुसायची."

"मग हे मशीनच करेल की."

"करतंच. चेहरे, घरं, रस्ते, सगळं करतं. आकाशात फसतं. यान हलतं तवा तारे बी हलतात ना गं. दर फ्रेमला जागा बदलली की त्याला वाटतं, धूळच हाय. पुसून मोकळं."

म्हणून आकाशाचे शॉट हाताने करायचे आणि मशीनला ते वगळायला सांगायचं, असं ठरलं. एका फुलस्केप वहीत त्याने यादी केली. कितव्या फ्रेमपासून कितव्या फ्रेमपर्यंत. प्रत्येक ओळीपुढे 'आकाश'. आम्ही दोघांनी मिळून त्या यादीतली एक न् एक फ्रेम पुसली. वहिनी चहा ठेवून जाताना म्हणायची, "परक्याच्या शिनेमातली धूळ पुसतायत दोघं. वर पंखा बघा आपला."

आजार कळला तेव्हा हाताने करायचं काम संपत आलं होतं. दादाला खुर्चीत बसवेना. त्याने वही माझ्याकडे दिली आणि म्हणाला, "आता तुझ्याच्यानं व्हईल. मला एकदा बघायचाय फक्त." दुसरं काही त्याने मागितलं नाही. देवदर्शन नाही, मुंबईचा डॉक्टर नाही. वहिनीने त्यावरून त्याच्याशी भांडण केलं, आणि मग तीही मला विचारू लागली, "वन्स, कधी व्हतंय?"

मशीनची सफाई आणि मग एन्कोडिंग, म्हणजे सगळ्या चित्रांची मिळून टीव्हीवर चालेल अशी एक फाइल बनवणं, याला आमच्या कॉम्प्युटरवर चार दिवस लागत. मी वहीतले आकडे घातले. दोनदा तपासले. मग सुरुवात पाहिली. तिथे उलटी मोजणी होती, हॉटेलचा शिक्का होता, कुणीतरी खिळ्याने ओरखडलेलं काहीतरी होतं. अर्ध्या मिनिटाचा तो भाग मला घाणेरडा वाटला. मुलांच्या निबंधांतलं पहिलं फापटपसाऱ्याचं वाक्य मी वर्षानुवर्षं लाल पेनाने काढत आले आहे. ते अर्धं मिनिट मी काढून टाकलं आणि काम लावून दिलं.

बुधवारी सकाळी फाइल तयार झाली. मी पहिली दहा मिनिटं पाहिली. ती पृथ्वीवरची आहेत. शेवट पाहिला. तिथे चेहरे आहेत. सुंदर दिसत होते. शाळेत जायच्या आधी मी ती गटावर टाकली, शेवटी त्याचं नाव घालून, कारण मला वाटलं दुपारी चित्रपट लावण्याआधी त्याला चार बरे शब्द वाचून दाखवावेत. मी अर्धी रजा घेऊन घरी आले तोवर बरेच शब्द आले होते. मी मराठी करून वाचत गेले. एकाने लिहिलं होतं, इतकं स्वच्छ आकाश या चित्रपटात आजवर पाहिलं नव्हतं.

दादा उशीवर जरा वर सरकला. "स्वच्छ म्हंजे?"

"म्हणजे छान."

"लाव."

वहिनी पायाशी बसली. यान निघालं. पहिलं आकाश आलं. पडदा काळा होता. त्यात यान होतं, आणि काही नव्हतं.

"टीव्हीचा उजेड वाढव गं," तो म्हणाला. मी वाढवला. काळं राखाडी झालं. वहिनी उठली आणि तिने पदराने काच पुसली. दुसरं आकाश आलं. तेही तसंच. मग यानातल्या माणसाचा चेहरा आला, आणि त्याच्या गालावर धुळीचे ठिपके नाचत होते.

दादाने तो चेहरा बघितला आणि मला विचारलं, "सुरुवात कापलीस काय?"

"खराब दिसत होती."

"आन् यादी?"

यादीतले आकडे पहिल्या फ्रेमपासून मोजलेले होते. मी सुरुवातीचं अर्धं मिनिट काढलं आणि प्रत्येक फ्रेम तेवढीच सरकली, वहीतले आकडे मात्र तेच राहिले. आकाशाचा एकही शॉट अर्ध्या मिनिटाएवढा लांब नव्हता. मशीनने चेहरे वगळले आणि तारे पुसले. त्याला हे समजावून सांगावं लागलं नाही. कारखान्यात त्याने तीस वर्षं दुसऱ्यांच्या मापातल्या चुकाच पकडल्या होत्या.

मी काय बोलले ते आठवत नाही. तो म्हणाला, "रडू नको. मूळ फोटो हायत ना? हातानं केलेलं हाय ना? मग परत लाव. किती दिवस?"

"चार."

"चार काढतो."

वहिनी म्हणाली, "काढतील. आमच्या लग्नाला बी असंच थांबवलं व्हतं मला चार वर्सं." तो हसला. टीव्ही तिने बंद केला.

मी परत लावलं. त्या चार दिवसांत वीज दोनदा गेली. इन्व्हर्टरने ओढून नेलं. रविवारी सकाळी फाइल तयार झाली. तो शनिवारपासून डोळे उघडत नव्हता. मी त्याच्या कानाशी सांगितलं, झालंय. वहिनी म्हणाली, "लावा तरी. ऐकू दे." मी लावला. तारे होते. मी आणि वहिनीने ते पाहिले. आवाज आधीच्या फाइलमध्ये होता तोच होता. त्यामुळे त्याने जर काही ऐकलंच असेल, तर त्याने बुधवारचाच चित्रपट ऐकला.

तेराव्याची भांडी आवरताना मी ताटं मापाप्रमाणे लावत होते. वहिनी बघत उभी होती. म्हणाली, "वन्स, तुमी फार नीटनेटक्या." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं.

महिन्याभराने मी चुकीची प्रत गटावरून काढली आणि दुरुस्त केलेली टाकली. सोबत काय झालं ते सरळ लिहिलं. तोवर पहिली प्रत पुष्कळांनी उतरवून घेतली होती, दुसऱ्या ठिकाणी टाकली होती, तिथून आणखी कुणी घेतली होती. ती परत बोलावता येत नाही. नव्या प्रतीखाली एकाने लिहिलं की जुनी जास्त स्वच्छ आहे, यात ठिपके फार राहिलेत. मी लिहिलं की ते तारे आहेत. त्याने त्यावर 'छान'चं अंगठ्याचं चिन्ह टाकलं. दुसऱ्याने मला ठिपके काढायचं एक चांगलं साधन सुचवलं.

दुरुस्त प्रत चौघांनी घेतली. एक माझ्याकडे आहे. बाकी सगळीकडे काळ्या आकाशाची प्रत चालते आणि तिच्या शेवटी दादाचं नाव आहे.