चऱ्होलीच्या आखाड्याचं गाळलेलं पाणी

चऱ्होलीच्या दवाखान्यातल्या नर्स दुर्गाबाई सगळ्या गावाला वैतागल्या होत्या. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या सांगायच्या, "अहो, नारूचा पाय विहिरीत बुडवता आणि तेच पाणी पिता! पायऱ्या उतरू नका, पोहऱ्यानं शेंदा, फडक्यानं गाळा." लोक माना डोलवायचे आणि पुन्हा पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात शिरायचे. पायातून दोऱ्यासारखा नारूचा जंत निघून पोरंबाळं विव्हळत पडली, तरी कुणाला त्याचं काही वाटेना.

पंचावन्न साली जत्रेच्या तोंडावर गावचा पैलवान ज्योतीराम याच्याच घोट्यातून नारू निघाला आणि चिखलीच्या पैलवानाशी ठरलेली निकाली कुस्ती हातची गेली. मग मात्र गावात सुतकच पडलं. तालमीचे वस्ताद सरदार मुलाणी दवाखान्यात आले.

"बाई, ह्यावर काय करायचं ते सांगा."

"पाच वर्षं काय सांगतेय मी?" दुर्गाबाई कडाडल्या. "पोरं रडत होती तेव्हा कुठं होतात?"

वस्ताद तसेच माघारी फिरले. पण जत्रेत भरल्या आखाड्यात, लाल मातीत उभं राहून ते गरजले, "जो विहिरीत पाय घालंल, त्याला फुडल्या वर्साला ह्या आखाड्यात कुस्ती न्हाई. मग त्यो कुनीबी असू दे!"

तालमीनं पाणी गाळायला सुरुवात केली. तशी गावात आवई उठली, की गाळलेल्या पाण्यानं अंगात बळ येतं. बायका रांजणाला फडकी बांधू लागल्या.

"बळ नाही हो, नारू टळतो!" दुर्गाबाई घसा फोडून सांगत राहिल्या.

"व्हय बाई," म्हणत बायका पोरांचे दंड चाचपायच्या. शेवटी दुर्गाबाईंनी कपाळाला हात लावला आणि तो नाद सोडला.

पुढच्या जत्रेच्या आदल्या दिवशी ज्योतीराम उन्हानं तापून विहिरीत उतरला. साऱ्या पाणवठ्यानं पाहिलं. ज्योतीरामाला घेऊन गावकरी वस्तादांच्या दारात जमले. पाटील सोपानराव म्हणाले, "एवढा डाव त्याला माफ करा. त्याचा पाय बरा हाय की!"

वस्तादांनी दुर्गाबाईंना बोलावणं धाडलं. "बाई, आता तुमीच सांगा."

"माझ्या डोक्यावर कशाला घालता?" त्या उसळल्या. "आज त्याच्या पायात नारू नाही, हे खरं. पण उद्या तो लढला, तर परवा सगळं गाव पाण्यात उतरेल. नियम तुमचा, वस्ताद. पाळायचा की मोडायचा, तुम्ही बघा."

सरदार मुलाणी उठले. मग ज्योतीरामाकडं न बघताच म्हणाले, "लंगोट ठिऊन दे."

जत्रेत त्याच्या जागी चिखलीच्या पैलवानासमोर नवखा मालोजी उतरला आणि बघता बघता चीत झाला. चिखलीकर हलगी वाजवत गेले. पराभवाचं सगळं खापर दुर्गाबाईंवर फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या विहिरीवर गेल्या, तर कुणी त्यांच्याशी बोलेना. पाठ फिरताच बाया कुजबुजल्या, "हिच्यापायी गावाची अब्रू गेली."

दुर्गाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओठांवर आलेलं त्या बोलणार, तोच त्यांची नजर पायऱ्यांवर पडली. पायऱ्या कोरड्या होत्या. काठावर उभ्या राहून बाया पोहऱ्यानं पाणी शेंदत होत्या आणि त्यांच्या नावानं बोटं मोडत घागरीच्या तोंडावर फडकी ताणून बांधत होत्या.

"दुहेरी करा ते फडकं," दुर्गाबाई खेकसल्या आणि दवाखान्याकडं चालू लागल्या.